खडकाच्या भेगेतलं पाणी

दादरा-नगर हवेलीतल्या गलोंडा गावाला पावसाची तूट नाही. या भागात वर्षाला दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, म्हणजे सोलापुरात पडतो त्याच्या तिपटीहून जास्त. नाशिकच्या डोंगरात उगम पावलेली दमणगंगा याच मुलखातून दमणच्या समुद्राकडे जाते. तिच्यावर मधुबनचं मोठं धरण आहे. तरीही सिल्वाशाच्या कारखान्यांपलीकडचे उंचसखल पाडे आणि शेजारचे जव्हार-मोखाड्याचे पाडे यांची पिढ्यान्‌पिढ्यांची तक्रार एकच: होळी झाली की विहिरी तळ दाखवायला लागतात, आणि मे महिन्यात हंडा भरायला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही.

हे एक कोडं. दुसरं त्याहून चमत्कारिक आहे. मृगाचा पाऊस पडतो, विहिरी चढायला लागतात, टंचाई संपते, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत आरोग्यकेंद्रात हगवण-उलट्यांचे रुग्ण वाढतात. उन्हाळाभर तळाचं गढूळ पाणी वाटीवाटीने उपसून प्यायलेलं घर, विहीर भरल्यावर का आजारी पडावं?

दोन्ही कोड्यांची उकल पायाखालच्या काळ्या खडकात आहे.

भाकरीचा पापुद्रा

सह्याद्री आणि त्याच्या दोन्ही अंगांचा मुलूख सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्यातून तयार झाला. लाव्हा एकदाच आला नाही. एक थर आला, थंड झाला, मग त्यावर दुसरा. नागलीच्या भाकऱ्यांची चळत डोळ्यांसमोर आणावी. प्रत्येक भाकरीची खालची बाजू घट्ट, वरचा पापुद्रा सुटलेला आणि आत पोकळ. लाव्ह्याच्या थराचंही तसंच आहे. खालचा आणि मधला भाग गच्च बेसाल्ट, त्यात पाण्याला जागा नाही. वरच्या भागात मात्र वायूच्या बुडबुड्यांनी केलेली भोकं असतात, तो लवकर झिजतो, त्याचा मुरूम होतो. पाणी राहतं ते या पापुद्र्यात, आणि एका थरातून दुसऱ्या थरात उतरतं ते थंड होताना पडलेल्या भेगांमधून.

ही जागा फार थोडी आहे. गंगेच्या मैदानातल्या वाळूच्या थरातून त्याच्या आकारमानाच्या पंधरा-सोळा टक्के पाणी मिळू शकतं. झिजलेल्या बेसाल्टमधून मिळतं दोन टक्क्यांच्या आसपास. एवढीशी टाकी जुलै-ऑगस्टमध्ये काठोकाठ भरते, आणि त्यानंतर पडलेला पाऊस उतारावरून नाल्यात, नाल्यातून नदीत निघून जातो. पाऊस थांबला की तीच टाकी झऱ्यांच्या तोंडून गळायला लागते. दिवाळीला वाहणारा झरा शिमग्याला आटतो, तो पाऊस कमी पडला म्हणून नव्हे. साठवायला भांडंच लहान म्हणून. एका घरामागच्या बोअरला पाणी लागतं आणि दहा पावलांवरची बोअर कोरडी जाते, त्याचंही कारण हेच. एकीला भेग सापडली, दुसरीला नाही. पाणाड्याचा नारळ फिरला की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही.

दुसऱ्या कोड्याची चावीही या भेगांतच आहे. वाळूच्या थरातून पाणी झिरपतं तेव्हा ते कणाकणाला घासत, गाळत, रेंगाळत खाली जातं. भेगेतून ते नुसतं वाहतं. वाटेत गाळणी नाही. पहिल्या सरींनी उघड्यावरची, गोठ्यामागची, शोषखड्ड्याभोवतीची घाण धुऊन निघते आणि काही तासांत भेगेतून विहिरीत पोचू शकते. भर पावसात जमिनीतल्या पाण्याची पातळी वर चढते तेव्हा तर पाणीच उठून संडासाच्या खड्ड्याला जाऊन भिडतं. मे महिन्यातलं गढूळ पाणी दिसायला वाईट होतं. जुलैचं स्वच्छ दिसणारं पाणी मैल्याला नुकतंच भेटून आलेलं असतं.

म्हणून अशा प्रदेशात कमी खर्चात पाणी आणि स्वच्छता द्यायची तर सगळी कसरत एकाच गोष्टीची आहे: एकाच भेगेवर जगणारे हापसा आणि संडास यांची गाठ पडू द्यायची नाही. माणसाच्या आतड्यात वाढणारे बहुतेक जंतू बाहेर फार काळ तग धरत नाहीत. तेव्हा त्यांच्या आणि आपल्या तोंडाच्या मध्ये एक तर अंतर घालायचं, नाही तर वेळ. स्वस्तातली जवळजवळ प्रत्येक चांगली युक्ती या दोहोंपैकी काहीतरी विकत घेते.

जालना, सोलापूर आणि हापसा

उघडी विहीर म्हणजे जमिनीला पाडलेलं मोठं तोंड. त्यात पाऊस जातो, पालापाचोळा जातो, दोर आणि बादली जाते, काठावर धुतलेल्या कपड्यांचं पाणी जातं. तिच्याऐवजी वीतभर रुंदीचं भोक खडकात खोल न्यायचं, वरचे काही मीटर लोखंडी केसिंग आणि सिमेंटने बंद करायचे आणि पाणी खालच्या भेगांतून घ्यायचं, ही बोअरची कल्पना. यात अंतर मिळतं: वरच्या घाणेरड्या थराला वगळून खालचं पाणी.

अडचण होती कातळाची. हाताने विहीर खणताना बेसाल्टमध्ये सुरुंग लावावे लागत, महिनोन्‌महिने जात. १९६७ च्या दुष्काळात युनिसेफने हवेच्या दाबावर चालणारी छिद्रणयंत्रं भारतात आणली. त्यांचा हातोडा भोकाच्या तळाशी जाऊन कातळावर ठोके देतो, वरून नव्हे. त्यामुळे जिथे महिने लागत तिथे काम दिवसांवर आलं. भोकं भराभर पडली.

पण भोकावर बसवलेले पंप टिकेनात. ओतीव लोखंडाचे ते पंप युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांच्या धर्तीवरचे होते. तिथे एक कुटुंब दिवसातून काही बादल्या भरणार. इथे पहाटेपासून अंधार पडेपर्यंत अख्खा पाडा रांगेत. काही महिन्यांत खिळे झिजत, दांडे मोडत, आणि एवढा खर्च करून पाडलेलं भोक निरुपयोगी होई. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत देशात बसवलेल्या हातपंपांपैकी बहुसंख्य बंद पडलेले होते.

त्यावरचा तोडगा परदेशी प्रयोगशाळेतून आला नाही. तो महाराष्ट्रात निघाला. जालन्यात मिशनच्या लोकांनी पोलादी पंप घडवला, सोलापूर वेल सर्व्हिस या संस्थेत ऑस्कर कार्लसन या स्वीडिश अभियंत्याने तो सुधारला. सोलापूर पंप म्हणून तो ओळखला गेला. त्याच्यावरून युनिसेफने मद्रासच्या कारखान्यात जो पक्का नमुना करून घेतला तो ‘इंडिया मार्क २’. १९७९ मध्ये त्याला भारतीय मानक मिळालं. कुणी त्याचा हक्क राखून ठेवला नाही, त्यामुळे देशभर अनेक कारखान्यांनी तो बनवला आणि पुढे तो आफ्रिकेतही गेला. आज कुठल्याही पाड्यात जो निळसर वा हिरवट रंगाचा, लांब दांड्याचा हापसा दिसतो त्याचा गोतावळा हा असा आहे. मराठी वाचकाला या गोष्टीचा जेवढा अभिमान असायला हवा तेवढा तो कधी दिसला नाही.

या हापशात विशेष काय? हवेच्या दाबावर ओढून पाणी वर आणायचं तर ते सिद्धान्ताने दहा मीटर आणि व्यवहारात सात-आठ मीटरच चढतं. त्याहून खोल पाणी असेल तर ओढता येत नाही, खालून उचलावं लागतं. म्हणून या हापशाचं खरं काम करणारं अंग, म्हणजे पितळी अस्तराचं सिलिंडर, पाण्याच्या पातळीखाली बुडवलेलं असतं. त्यात एक दट्ट्या आणि दोन झडपा. दट्ट्या वर जातो तेव्हा वरचं पाणी उचललं जातं आणि तळाची झडप उघडून खाली नवं पाणी येतं. दट्ट्या खाली येतो तेव्हा तळाची झडप मिटते, दट्ट्यातली उघडते, पाणी त्याच्या वर सरकतं. बस, एवढंच.

आता थोडं गणित. सिलिंडरचा व्यास ६३.५ मिलिमीटर. ३० मीटर खोलीवरून पाणी उचलताना दट्ट्यावर सुमारे ९५ किलोचा भार येतो, त्यात लोखंडी सळ्यांचं वजन वेगळं. एवढं ओझं दहा वर्षांची मुलगी कसं उचलते? दांड्याचं प्रमाण आठास एक आहे, म्हणून. तिच्या हाताला जाणवतं ते पंधरा किलोच्या आसपास. त्याबदल्यात दांडा खूप हलवावा लागतो: एका झोक्याला जेमतेम चारशे मिलिलिटर पाणी. पंधरा लिटरच्या हंड्याला चाळीसएक झोके.

जुने पंप मोडत ते सांध्यात. दांडा कमानीसारखा फिरतो, सळई मात्र सरळ वरखाली जायला हवी. या दोन चालींत जे भांडण होई ते सगळं सांध्याचा खिळा सोसत असे. जालना-सोलापूरच्या पंपाने दांड्याच्या आतल्या टोकाला वर्तुळाचा तुकडा बसवला आणि त्यावरून साखळी सोडली. साखळी वळणावर गुंडाळत जाते, सळई एकाच रेषेत लटकलेली राहते. दांडा टेकतो तिथे बंद बॉल बेअरिंग, त्याला रोज तेल नको. पंपाचा पाया केसिंगवर न ठेवता भोवतीच्या काँक्रीटमध्ये रोवला, त्यामुळे हिसके केसिंगला बसत नाहीत आणि वरचं सांडपाणी केसिंगच्या कडेने खाली जात नाही. स्वच्छतेच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट सगळ्यांत मोलाची, पण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. दट्ट्या खाली येतो तो सळ्यांच्या वजनाने. म्हणून पाणी अगदी वर असलेल्या ठिकाणी, जिथे सळ्या थोड्या आणि हलक्या, तिथे हा हापसा कुरकुरतो. प्रत्येक यंत्राचा आपला एक मुलूख असतो. याचा मुलूख खोल पाण्याचा.

खरी उणीव दुरुस्तीत होती. दट्ट्याचं वॉशर झिजलं की ते बदलायला सगळे पाइप उपसून काढावे लागत. त्याला तिकाटणं, चार-पाच माणसं आणि तालुक्याची गाडी लागे. काही रुपयांच्या वॉशरसाठी पाडा महिनाभर ओढ्यावर जाई. पुढच्या ‘मार्क ३’मध्ये पाइपच रुंद केला, म्हणजे पाइप न काढता दट्ट्या वर ओढून घेता येतो. राजस्थानात तिलोनियाच्या संस्थेने गावातल्याच तरुणांना हातपंप मिस्त्री केलं, उत्तर प्रदेशात बांद्याच्या बायकांनी पाने हातात घेतले. स्वस्त म्हणजे काय, याचा निवाडा मला इथे झालेला दिसतो. पंपाची किंमत हा त्याचा लहान भाग आहे. तो बिघडल्यावर किती दिवस बंद राहतो, ही खरी किंमत. कारण जितके दिवस बंद तितके दिवस लोक पुन्हा उघड्या पाण्यावर, आणि वर्षभर शुद्ध प्यायलेल्या पाण्याचा फायदा चार दिवसांत वाहून जातो.

वॉशर झिजल्याची एक खूण आहे. पाणी यायला आधी वीस-तीस झोके वाया जातात. मग कुणीतरी वरून तांब्याभर पाणी ओतून ‘पंप धरवायचा’ प्रयत्न करतं. ते पाणी डबक्यातलं असलं की आपणच बोअरमध्ये जंतू सोडतो.

हापशापासून ओठांपर्यंत

हापशाचं पाणी चांगलं असलं तरी माठातलं तसं असेलच असं नाही. तपासण्यांमध्ये वारंवार दिसतं की पाणी स्रोताशी शुद्ध आणि घरात दूषित. हंड्याच्या तोंडावर धरलेली बोटं, लहान मुलाने माठात बुडवलेला पेला, न लावलेलं झाकण. म्हणून आरोग्य कार्यकर्ते दांडीचं ओगराळं वापरा असं सांगत फिरतात. ते ऐकायला फार किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात हात आणि पाणी यांच्यात वीतभर अंतर ठेवण्याचा त्याहून स्वस्त उपाय नाही.

जिथे अंतर जमत नाही तिथे क्लोरीन. ग्रामपंचायतीत ते टीसीएल पावडरीच्या रूपात येतं. पाण्यात पडली की तिच्यातून एक तीव्र पदार्थ सुटतो, तो जे सेंद्रिय भेटेल त्याला जाळत सुटतो, जंतूचं कवच असो वा कुजका पाला. इथे गोम आहे. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन आधी गाळावरच खर्च होतं, जंतूंसाठी उरत नाही. म्हणून ‘किती टाकलं’ याला अर्थ नाही, ‘अर्ध्या-पाऊण तासाने किती उरलं’ याला आहे. लिटरला ०.२ मिलिग्रॅम उरलं तर पुढे हंड्यात, माठात नवे जंतू पडले तरी ते निस्तरायला काहीतरी शिल्लक आहे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण हे राखीव बळ मिळत नाही. शिवाय चुलीवर एक लिटर पाणी उकळायला सुमारे किलोभर सरपण लागतं, आणि ते डोक्यावरून आणणारी व्यक्ती बहुधा पाणी आणणारीच असते.

उरलेलं क्लोरीन पाहायची सोपी रीत म्हणजे ओटी टेस्ट. नळीतल्या पाण्यात थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन आहे. महाराष्ट्रात पावसाळ्याआधी आणि नंतर स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळं आणि हिरवं कार्ड देण्याची पद्धत आहे. लाल कार्ड मिळालेल्या गावात विहिरीपेक्षा भांडाराचाही दोष असू शकतो. ताज्या पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असतं. ओलसर खोलीत उघड्या पोत्यात ठेवली की ते उडत जातं, आणि मागे राहतो तो चुना. विहिरीत पांढरी पावडर पडते, वहीत नोंद होते आणि जंतू जिथल्या तिथे.

| चौकट: विहिरीचं गणित |
|---|
| विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी २ मीटर असेल तर त्यात सुमारे १४,००० लिटर पाणी आहे. हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम ताजी टीसीएल, म्हणजे एकूण ३५ ग्रॅम. पाणी गढूळ किंवा साथ सुरू असेल तर याच्या सुमारे दुप्पट. |
| पावडर सरळ विहिरीत फेकू नये. आधी थोड्या पाण्यात लगदा, मग बादलीभर पाण्यात मिसळून दहा मिनिटं ठेवावी. चुना तळाशी बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडावी आणि वरखाली हलवून मिसळावी. |
| एक तास कुणी पाणी भरू नये. |

नाल्यातलं वा तळ्यातलं गढूळ पाणी प्यायची वेळ आली तर आधी गाळणं आलं, आणि इथे आजीचं वस्त्रगाळ शास्त्राच्या कसोटीवर उतरलं आहे. बांगलादेशात रिटा कॉलवेल आणि सहकाऱ्यांनी जुनी सुती साडी किमान चार पदरी करून पाणी गाळायला लावलं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पटकीचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं. साडीच्या विणीतून एकटादुकटा जंतू सहज निसटतो. पण पटकीचा जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून राहतो, आणि किडे अडकतात. नवी साडी चालत नाही. जुनी धुऊनधुऊन सूत फुगलेली हवी. ही युक्ती पटकीपुरती. इतर जंतूंसाठी गाळल्यानंतर क्लोरीन हवंच.

पारदर्शक बाटलीत पाणी भरून सहा तास कडक उन्हात ठेवायची पद्धतही आहे, आणि ती खरोखर काम करते. पण तिची गरज लागते आषाढात, आणि आषाढात गलोंड्याला ऊन कुठे?

खड्डा किती खोल?

आता भेगेचं दुसरं टोक. संडास बांधायचा म्हटलं की घरधनी पहिला प्रश्न विचारतो: खड्डा भरला तर? म्हणून तो शक्य तितका खोल खणतो. दहा फूट, बारा फूट. बेसाल्टच्या मुलखात ही सगळ्यांत महागात पडणारी काटकसर आहे. बारा फुटी खड्डा पावसाळ्यात थेट भूजलात उभा राहतो.

खड्डा भरण्याची भीती किती खरी? मैल्यात तीनचतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. ते खड्ड्याच्या जाळीदार विटांमधून मातीत मुरतं, उरलेला भाग जंतूच कुजवून कमी करतात. माणशी वर्षाला साठतं ते चाळीस-पंचेचाळीस लिटर. पाच माणसांचं घर, तीन वर्षं: सुमारे पावणेसातशे लिटर. एक मीटर व्यासाचा आणि एक मीटर खोल खड्डा पावणेआठशे लिटरचा. म्हणजे कमरेइतका खड्डा तीन वर्षं पुरतो.

तीन वर्षांनी काय, याचं उत्तर दुसऱ्या खड्ड्यात. संडासाच्या मागे इंग्रजी ‘वाय’च्या आकाराची जोडणी असते. एका वेळी एकच वाट उघडी. पहिला भरला की ती बंद करून दुसरी उघडायची आणि पहिल्याला दोन वर्षं हात लावायचा नाही. इथे आपण अंतर नव्हे, वेळ विकत घेतो. नवा मैला यायचा बंद झाला की जंतूंची उपासमार सुरू होते. जंताची अंडी सगळ्यांत चिवट, पण दोन वर्षांत तीही बहुतांशी संपतात. नंतर निघतं ते काळसर, भुसभुशीत, वास नसलेलं खत. कुणाला गटारात उतरावं लागत नाही, टँकर बोलवावा लागत नाही. आपल्या समाजाने ज्यांच्या डोक्यावर मैल्याच्या पाट्या दिल्या त्यांची त्यातून सुटका करणं, हा या रचनेचा मूळ हेतू होता आणि तो विसरला जाऊ नये.

बिंदेश्वर पाठक यांच्या सुलभ संस्थेने १९७० पासून ही पद्धत देशभर नेली. महाराष्ट्रात त्याआधीच कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन स्वतः भंगीकाम करत सोपे संडास घडवत होते. देहूच्या प्राथमिक आरोग्यकेंद्रात आलेले तरुण डॉक्टर सु. वि. मापुसकर यांनी साठच्या दशकात हौसेने संडास बांधून घेतले, ते पहिल्या पावसात कोसळले. गावाने त्यांना सुनावलं. मग अप्पांच्या पद्धतीचा अभ्यास करून त्यांनी मातीला मानवेल अशी रचना केली, पुढे संडासाला गोबरगॅस जोडला आणि आयुष्य त्यातच घालवलं. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

मातीच्या खड्ड्यातून जंतू किती लांब जातात? साध्या बारीक मातीत फार नाही. काही आठवड्यांत खड्ड्याच्या भिंतीवर चिकट साय धरते आणि ती स्वतःच गाळणी होते. मुरूम आणि भेगा असतील तर हे गणित मोडतं. तिथे तीन काळज्या घ्याव्या लागतात. खड्डा उथळ ठेवायचा, गरज पडल्यास अर्धा जमिनीवर उचलून भोवती भराव घालायचा, म्हणजे तळ भर पावसातल्या पाण्याच्या पातळीपेक्षाही वर राहील. तळ काँक्रीटने बंद करायचा आणि बाजूंना हातभर जाडीचं वाळूचं वेष्टण द्यायचं. भेगेने जी गाळणी दिली नाही ती आपण घालतो. आणि हापसा उताराच्या वरच्या अंगाला, पंधरा मीटरहून लांब. वाळूचं वेष्टण अंदाजपत्रकात असतं, बांधताना पहिल्यांदा तेच गाळलं जातं, कारण माती लोटल्यावर ते दिसत नाही.

भांड्याच्या उताराबद्दल एक शब्द. या संडासाचं भांडं नेहमीपेक्षा जास्त खडं असतं आणि खाली वळणात जेमतेम दोन सेंटिमीटर पाणी अडून राहतं. तेवढ्याने माशा आणि वास अडतो, आणि दीड-दोन लिटर पाण्यात काम होतं. शहरातली टाकी एका वेळी याच्या पाच-सहा पट ओतते. दुकानातून ‘चांगलं’ भांडं आणून बसवलं की पाणी जास्त लागतं, पाणी डोक्यावरून आणायचं असतं, आणि मग लोक पुन्हा नाल्याकडे वळतात. तेव्हा त्यांच्या सवयीला नावं ठेवण्याआधी भांड्याचा उतार मोजावा.

घाईची वेळ

संकटात हीच तत्त्वं, फक्त वेळ कमी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. आकडा डोळे दिपवतो. चार लाखांच्या आसपासच्या शहरात तो माणशी सव्वा लिटर होतो. नंतर पन्नास वाघिणींची, पंचवीस लाख लिटरची गाडी धावायला लागली तेव्हा माणशी सहा लिटरांच्या आसपास. आपत्तीतल्या मदतीचे जगभर मानले जाणारे निकष माणशी रोज किमान पंधरा लिटर सांगतात, पिणं, रांधणं आणि अंग-हात धुणं मिळून. पंधराच्या खाली गेलं की लोक पिणं सोडत नाहीत. हात धुणं सोडतात. त्यामुळे टंचाईच्या गावात पाण्याची शुद्धता तपासून भागत नाही, मोजमापही तपासावं लागतं. थोडं शुद्ध पाणी आणि न धुतलेले हात, यातून हगवण थांबत नाही.

पुराची तऱ्हा उलटी. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला पाणी चोहीकडे होतं आणि प्यायला नव्हतं. बुडालेल्या विहिरीचा उपसा करून, टीसीएल जास्त प्रमाणात टाकून, रात्रभर ठेवून, पुन्हा उपसून मगच ती वापरात घ्यावी लागते. छावणीत संडास पाण्यापासून तीस मीटर दूर आणि वीस माणसांमागे एक, असा निकष आहे. पहिल्या दिवसांत तो गाठता येत नाही, पन्नासांमागे एकावर भागवावं लागतं. पण तीस मीटरांवर तडजोड करू नये. जागा एकदा ठरली की छावणी उठेपर्यंत ती बदलत नाही.

नळ आल्यावर

जलजीवन मिशनच्या नोंदींनुसार दादरा-नगर हवेलीतल्या सगळ्या ग्रामीण घरांना आता नळजोडणी आहे. माणशी रोज ५५ लिटरचं उद्दिष्ट आहे. डोक्यावरचा हंडा उतरला ही मोठी गोष्ट आहे. पण नळालाही भेग असते. पाणी दिवसातून तासभर येतं तेव्हा उरलेले तेवीस तास पाइप रिकामा असतो. पाणी बंद होताना पाइपमध्ये ओढ तयार होते, आणि जिथे जोड सैल असेल तिथून बाहेरचं शोषलं जातं. तो जोड शोषखड्ड्याशेजारून किंवा गटारातून जात असेल तर काय शोषलं जाईल ते सांगायला नको. मोटार लावून नळातून पाणी खेचणारं घर सगळ्या गल्लीसाठी ही ओढ वाढवतं. म्हणून ज्या पाड्यात नळ आला तिथे पहिली पाच-दहा मिनिटं येणारं पाणी भांडी-कपड्यांना वापरून मग पिण्याचं भरावं, आणि ओटी टेस्ट टाकीपाशी न करता शेवटच्या घराच्या तोटीवर करावी. टाकीपाशी ती बहुधा पिवळीच येते.

आणि हापसा काढून टाकू नये. वीज गेली, पंपघर बुडालं, जलवाहिनी फुटली तर त्या दिवशी गावात पाणी देणारी तेवढीच एक वस्तू उरते. मात्र वापरात नसलेल्या हापशाचं वॉशर सुकतं आणि चौथऱ्याला तडे जातात. आठवड्यातून एकदा तरी दोन-चार हंडे हापसून ओतायला हवेत. ते काम कुणाकडे द्यायचं हे ग्रामसभेत ठरवून घेतलं, आणि वॉशर-साखळीचा एक जोड पंचायतीच्या कपाटात ठेवला, तर त्याचा वर्षाचा खर्च टँकरच्या एका फेरीहून कमी असतो.